निळ्या दोऱ्याची बरणी

३ एप्रिल, मंगळवार

वहिनी,

खुशाली विचारून सुरुवात करावी म्हटलं, तर पेन तिथेच अडलं. तीन वर्षं विचारली नाही, आता कोणत्या तोंडानं विचारू? तेव्हा सरळ कामाचंच लिहिते. आईला टोमॅटो हवेत. वाळवलेले.

काल दुपारी जेवता जेवता तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "ते वाळवलेले असायचे ना, आंबटगोड, चिवट. ते आता कुणी करत नाही का?" दादा ताटात बघत राहिला. मी म्हटलं, "मी करते." झालं! तोंडातून शब्द निघून गेला. तू मला घाईताई म्हणायचीस ते काय उगाच?

आज सकाळी पाच किलो आणलेत. लांबट, जाड गराचे, तू निवडायचीस तसलेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र घालून मांडून ठेवलेत आणि मी समोर बसून त्यांच्याकडे बघते आहे. मीठ कापल्या कापल्या लावायचं की पाणी सुटल्यावर? बिया काढायच्या की राहू द्यायच्या? आणि दिवस किती? मला सगळं आठवतंय असं वाटतं, पण माझ्या आठवणीवर कुणी पाच किलो टोमॅटो लावू नयेत.

तू पाठवलेले कागद पोचले. फ्रीजवर, टॉर्चखाली ठेवलेत. दादा रोज टॉर्च उचलतो, कागद बघतो, टॉर्च परत ठेवतो. अठ्ठावीस तारखेच्या आत सही करून पाठवा, असा वकीलबाईंचा निरोप आहे. "तिनेच मागितलंय ना घटस्फोट, मग देऊन टाकू," असं तो म्हणतो. पण त्याला पेन सापडत नाही. घरात सात पेनं आहेत, मी मोजली.

आईच्या आजारपणानंतर या घरात तेलाची बरणी आलेली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर माणूस जाता जाता राहिलं. तुझ्या बरणीतले टोमॅटो बाधले असं सगळे म्हणाले. त्याबद्दल मी आता काही लिहीत नाही. तू फक्त दिवस किती ते कळव.

तुझी घाईताई

८ एप्रिल, रविवार

वहिनी,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज जिन्याखालच्या पेटीत हात घालून बघते.

वाट न बघता सुरुवात केली. लांबीत दोन भाग केले, कापलेली बाजू वर, मीठ चिमटीनं. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाळ्या अजून आहेत, दादाने टाकून दिल्या नाहीत. खिडकीच्या जुन्या जाळीला लाकडी चौकटी ठोकून तू केलेल्या, त्याच. घासून, उकळतं पाणी ओतून, उन्हात तापवून घेतल्या. खाली दोन दोन विटा, वर मलमलचं फडकं. ऊन उतरलं की सगळं उचलून आत आणते, सकाळी परत वर. आज चौथा दिवस आहे आणि माझी कंबर माझी राहिलेली नाही. हे सगळं तू हसत हसत कसं करायचीस?

जाळ्यांजवळ बसलं की मागचं आठवतंच. त्या वर्षी आठ जाळ्या होत्या, चार तुझ्या आणि चार माझ्या. बरण्या एकाच दुकानातल्या, एकसारख्या, म्हणून ओळखू याव्यात यासाठी गळ्याला दोरा बांधायचा, तुझा लाल, माझा निळा. भरल्यावर दोन आठवडे मुरू द्यायच्या, मग दोन्ही एकदम टेबलावर उघडायच्या आणि आई परीक्षक. एक फोड तुझी, एक माझी. निकाल दर वर्षी एकच. "हिच्या हाताला चव आहे, तुझ्या हाताला घाई आहे." तू तोंडाला पदर लावून हसायचीस आणि मी फुरंगटून गच्चीवर जायचे. चाळिशीला आलेली बाई, टोमॅटोवरून रुसणारी!

त्या वर्षी निकाल लागलाच नाही. दुपारी मी दुकानातून आले तर आई म्हणाली, "मला सगळं दोन दोन दिसतंय गं." चष्म्याच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या बाईला दुसरं काय सुचणार? मी तिला आमच्या दुकानात नेलं. मालकांनी तिला खुर्चीवर बसवलं, भिंगं बदलत राहिले, "आता? आता बरं दिसतं का?" असं विचारत राहिले. तिच्या पापण्या मिटत होत्या आणि मी तिला म्हणत होते, "आई, नीट उघड ना डोळे." दोन तास आम्ही नंबर काढत होतो. घरी आलो तेव्हा तिला पाण्याचा घोट गिळता येईना. तेव्हा तू गाडी बोलावलीस.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे दुकानात नेलं हे सांगितलं होतं, पण "नीट उघड ना डोळे" म्हटलं, ते नाही.

घाईताई

१३ एप्रिल, शुक्रवार

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. पत्राच्या दोन पानांना एका ओळीचं उत्तर, त्यालाही मायना नाही, सही नाही. "त्या वर्षी तुझे टोमॅटो कितव्या दिवशी उतरवले होतेस?"

मी विचारते एक आणि तू विचारतेस भलतंच. तीन वर्षांनी हे विचारायचं काय कारण? पाचव्या दिवशी उतरवले. तू सांगून गेली होतीस तसेच. तू माहेरी निघताना जिन्यात उभी राहून म्हणालीस, "सोमवारी संध्याकाळच्या आत हात लावू नकोस," आणि मी हात लावला नाही. झालं समाधान?

तुझ्याबद्दल मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. त्या दिवशी स्वयंपाकघरात मीही होते. दादा म्हणाला, "तुझ्या हातचं आता या घरात कुणी खाणार नाही." तू फडताळातली तुझी दुसरी बरणी काढलीस, उघडलीस आणि ओट्याशी उभ्या उभ्या तीन फोडी खाल्ल्यास. तेल हनुवटीवर आलं होतं. "उद्यापर्यंत थांबा," म्हणालीस. दादाने बरणी हिसकून मोरीत आपटली. दुसऱ्या दिवशी तू धडधाकट होतीस. तू सकाळी फरशी पुसत होतीस आणि आम्ही सगळे तुझ्या शेजारून चालत इस्पितळात गेलो. तुला काही झालं नाही, हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, तू त्याच्याकडे विकायला ठेवलेल्या बावीस बरण्या परत आणून दारात ठेवल्या. त्या तू एकटीने रिकाम्या केल्यास. मी खिडकीतून बघत होते. खाली यायला हवं होतं, आले नाही, हे कबूल.

पण म्हणून असले प्रश्न विचारायचे?

– तुझी नणंद

१५ एप्रिल, रविवार

वहिनी,

परवाचं पत्र टाकलं आणि टपालपेटीपासून चार पावलं गेल्यावर वाटलं, हात घालून परत काढता आलं तर बरं. हात जाईना.

पाचव्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी उतरवले.

आता लिहूनच टाकते, नाहीतर परत काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईन. तू शुक्रवारी तुझी बरणी भरलीस, लाल दोरा बांधलास आणि माहेरी गेलीस. माझे टोमॅटो गुरुवारी जाळीवर पडले होते. शनिवारी दुपारी ढग आले. चार जाळ्या खाली आणायच्या, परत वर न्यायच्या, एकटीने, याचा मला कंटाळा आला. हे एक कारण. दुसरं खरं कारण म्हणजे आई सकाळी तुझ्या बरणीकडे बघून म्हणाली होती, "ही कधी मुरते असं झालंय मला." माझ्या जाळ्यांकडे तिने बघितलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, माझीही बरणी आजच तुझ्या शेजारी उभी राहिली पाहिजे. वहिनी, मला तुझा हेवा वाटायचा. माझ्या आईने तुझं कौतुक केलं की माझ्या पोटात दुखायचं.

आणि मला माहीत नव्हतं असं नाही. फोड अंगठ्यात दाबायची, दुमडायची, ओलं लागलं तर परत जाळीवर, हे तूच मला शिकवलं होतंस. मी एक दाबली. अंगठ्यावर थेंब आला. मी तो अ‍ॅप्रनला पुसला आणि दुसरी दाबून बघितली नाही. व्हिनेगरमध्ये बुडवायचंही राहून गेलं. गच्च भरल्या, वर तेल ओतलं, झाकण आवळलं, निळा दोरा बांधला. तू परत आलीस तेव्हा विचारलंस, "कधी उतरवलेस?" मी म्हटलं, "सांगितलंस तेव्हा." तू विश्वास ठेवलास.

आता पुढचं. 

आईला नळ्या लावल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ओलसर राहिलेलं काही तेलात बंद करून ठेवलं की त्यात विष तयार होतं, वास येत नाही, चव कळत नाही. आरोग्य खात्याच्या बाई बरण्या न्यायला घरी येणार होत्या. तू आणि दादा इस्पितळात, मी आईचे कपडे घ्यायला घरी आले होते. टेबलावर दोन्ही बरण्या उघड्याच होत्या. आदल्या दिवशी आईने आपली वाट न बघता दोन्हींतलं खाल्लेलं. मी माझी बरणी उजेडात धरली. तेल गढूळ होतं, तळाशी पाणी सुटलेलं दिसत होतं. तुझ्या बरणीतलं तेल स्वच्छ.

मी दोन्ही दोरे सोडले आणि उलटे बांधले.

दारावरची घंटा वाजली तेव्हा शेवटची गाठ मारत होते. बाईंनी विचारलं, "कुठली कुणाची?" मी म्हटलं, "लाल दोरा वहिनी बांधते, निळा मी बांधते." एकही शब्द खोटा बोलले नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

बाई त्याच बरण्या घेऊन इस्पितळात आल्या आणि लाल दोऱ्याची बरणी तुझ्यासमोर धरली. तू ती किती वेळ बघत होतीस! मला वाटलं, आता बोलशील. चोराच्या मनात चांदणं. तू म्हणालीस, "दोरा माझ्याच रिळाचा आहे." बास. सगळ्यांनी तोच कबुलीजबाब धरला. मनात म्हटलं, आई शुद्धीवर आली की सांगीन. ती शुद्धीवर आली. मग म्हटलं, बोलायला लागली की सांगीन. ती बोलायला लागली आणि पहिल्यांदा तुलाच बोल लावला.

तुला कळलं, आता माझं ओझं उतरलं. हे पत्र वाचून फाडून टाक. दादाला मात्र कळवू नकोस. मला दुसरं घर नाही, वहिनी. आई आणि तो, एवढीच दोन माणसं आहेत मला.

घाईताई

२१ एप्रिल, शनिवार

वहिनी,

तुझं दुसरं कार्ड. या वेळी चार ओळी आहेत. त्या मला पाठ झाल्यात, तरी इथे परत लिहिते, म्हणजे पळवाट राहायची नाही.

"मी त्याच दिवशी ओळखलं होतं. दोरा लाल होता, गाठ तुझी होती. तुझ्या भावाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला सांगून तुझं ओझं उतरत असेल, माझं नाही उतरत."

गाठ माझी होती. तू दुहेरी गाठ मारून टोकं कात्रीनं कापतेस आणि मी बुटाच्या नाडीसारखी फुलाची गाठ मारते. लहानपणापासून मला तेवढी एकच येते. दोरे बदलताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे बारीक स्क्रू बसवणारी मी, आणि स्वतःची गाठ मला दिसली नाही!

म्हणजे तुला तीन वर्षं माहीत होतं. तू सामान बांधत होतीस तेव्हा मी दारात येऊन म्हटलं होतं, "वहिनी, राहा ना, होईल सगळं ठीक." तू बॅगेची चेन लावत मान वर न करता म्हणालीस, "घाईताई, सरक जरा." तेव्हाही माहीत होतं.

आज सकाळपासून तीनदा दादापुढे जाऊन उभी राहिले. एकदा चहा विचारला, एकदा गॅस संपत आलाय म्हटलं, एकदा नुसतीच परत आले. तो म्हणाला, "तुझं काय बिनसलंय?" मी म्हटलं, "कंबर." टोमॅटो कधीच तयार झालेत. सहा दिवस ठेवले. एकेक फोड दाबून बघितली. कापडाच्या पिशवीत भरून टांगलेत आणि अजून आईला दाखवायची हिंमत नाही.

अठ्ठावीसला सात दिवस उरलेत.

२७ एप्रिल, शुक्रवार

वहिनी,

सांगितलं.

सोमवारी सकाळी. दादा कामावर जायचा शर्ट इस्त्री करत होता, आई टेबलाशी बसून पेज पीत होती. मी पिशवी काढली, ताटलीत फोडी मांडल्या, आईपुढे ठेवल्या. तिने एक उचलली आणि उजवी पापणी बोटानं वर करून बघितली. ती पापणी अजून पडते. "वहिनीने पाठवले?" म्हणाली.

मी म्हटलं, "मी केलेत. आणि मागच्या वेळी तुला बाधले तेही मीच केलेले." मग थांबले नाही. तिसरा दिवस, थेंब, दोरे, सगळं. एकदा घाई कामाला आली.

दादाच्या हातातली इस्त्री जिथे होती तिथेच राहिली. शर्ट जळल्याचा वास आला तेव्हा मीच पुढे होऊन बटण बंद केलं.  त्याने मला मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्याने विचारलं, "तिला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाही?"

मी तुझं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, उलटं करून बघितलं, परत वाचलं. मग जळका शर्ट तसाच अंगात घातला आणि गेला. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग घेऊन तो दिवसभर कामावर बसला असेल.

आई रडली नाही. हातातली फोड तिने परत ताटलीत ठेवली, बोटं पदराला पुसली. तिचं बोलणं अजून जड येतं, तू ऐकलं नाहीस. म्हणाली, "तीन वर्षं या तोंडानं मी तिला नावं ठेवली. शेजारणीपाशी, डॉक्टरपाशी, सगळ्यांपाशी. तू शेजारी बसून ऐकत होतीस." मी हो म्हटलं. मग म्हणाली, "थोडे दिवस माझ्यासमोर येऊ नकोस."

त्याच दुपारी आरोग्य खात्यात गेले. त्या बाई अजून तिथेच आहेत. म्हणाल्या, "तोंडी नको, लेखी द्या." दिलं. त्याची नक्कल सोबत जोडली आहे, वर त्यांचा शिक्का आहे. एक नक्कल कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाचून दाखवली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, म्हटलं, ऐकू देत. तो म्हणाला, "अहो, मग त्या बावीस बरण्या?" मी नक्कल त्याच्या गल्ल्यावर ठेवून निघाले.

मी आता चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत राहते. मालकांनी किल्ली दिली. एक खाट, एक खिडकी, भिंतीवर अक्षरं वाचायचा जुना तक्ता. सकाळी उठलं की सगळ्यात मोठं अक्षर समोर असतं. रडू येतं, पण ते तुला सांगायचं कारण नाही.

दादा काल संध्याकाळी इथे आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "मी तिच्याकडे जाणार होतो. स्टँडपर्यंत गेलो. मग वाटलं, आता जाऊन काय म्हणू, पुरावा मिळाला म्हणून आलो?" त्याने कागद माझ्याजवळ दिले. सही केली आहे. पेन सापडलं. खाली त्याने तुला दोन ओळी लिहिल्यात, त्या मी वाचल्या नाहीत. कागद तुझ्या वकिलांना द्यायचे की फाडायचे, ते आता तुझ्या हातात आहे. मी त्यात पडत नाही. तुमच्यामध्ये मी पडले तेवढं पुरे.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही हे ठरवत बसावं लागेल, आणि तुला आणखी एक काम लावायचं माझ्या जिवावर आलंय.

पार्सलात एक बरणी आहे. सहाव्या दिवशी उतरवलेले टोमॅटो. तेलात घातलेले नाहीत, कोरडेच आहेत. खाल्ले नाहीस तरी चालेल. नुसती एक फोड अंगठ्यात दाबून बघ. नंतर फेकून दिलेस तरी हरकत नाही.

बरणीला निळा दोरा बांधलाय. गाठ माझीच आहे.